पळणारा पाय

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. चाकणपासून भोसरीपर्यंत बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. वीज वाटून घ्यायच्या काळात कधीतरी हा वार ठरला असं जुने कामगार सांगतात, आणि मग तो इथल्या माणसांच्या हाडांत मुरला. पाहुणे गुरुवारी येतात, लग्नाच्या बैठका गुरुवारी होतात. दत्ताचा वार म्हणून मटण तेवढं बुधवारी उरकून घ्यायचं. आणि दिवाळीचा फराळ संपला, हवेत पहिला गारठा आला, की क्रिकेटही गुरुवारी.

आज गुरुवार आहे. सकाळी गॅलरीत उभी राहिले तर महामार्गावर कंटेनरची रांग नव्हती. रोज घरातली भांडी हलवणारा तो घरघराट नव्हता. आणि त्या शांततेतून, गायरानाच्या बाजूने, आवाज आला. लेदरचा बॉल बॅटच्या बरोबर मधोमध बसला की येतो तो. कोरडा, भरीव, एकदाच. मी चहाचा कप कठड्यावर ठेवला. तळहाताला घाम आला होता, आणि नोव्हेंबरच्या थंडीत मी एकटीच वेड्यासारखी हसत होते.

हंगाम आला!

काय काय घेऊन येतो हा हंगाम! बॅटला चोळलेल्या जवसाच्या तेलाचा वास. रात्रभर दवात भिजलेल्या काथ्याच्या मॅटचा वास, ओल्या पोत्यासारखा. शेजारच्या वाफ्यांतून कांद्याच्या रोपांचा हिरवा उग्र दर्प. आणि तिसरी पाळी संपवून थेट मैदानात आलेल्या माणसांच्या हाताला येणारा, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास, जो साबणाने जात नाही. हे सगळे वास एकत्र नाकात शिरले की मी पुन्हा एकोणीस वर्षांची होते, आणि माझा उजवा पाय पुन्हा माझा उरत नाही.

त्या एका हंगामात तो माझा नव्हताच.

तेव्हा मला वाटायचं की मी कशालाच घाबरत नाही. असं वाटायला कारण होतं. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. बाबा लातूरकडून आलेले, चाकणच्या एका कंपनीत लागलेले आणि लागल्यावर वर्षभरात युनियनचे झालेले. गेटवर वाटायची पत्रकं ते जेवणाचं ताट उलटं करून त्यावर कागद ठेवून लिहायचे. मला वाचता आलेले पहिले शब्द म्हणजे ‘कामगार बंधूंनो’. सातवीत असताना त्यापुढे ‘आणि भगिनींनो’ लिहायला मी त्यांना भाग पाडलं. त्यासाठी दोन दिवस अबोला धरला होता. विषय पगारवाढीचा असो की कॅन्टीनच्या डाळीचा, प्रत्येक पत्रक एकाच ओळीवर संपायचं : घाबरू नका, मागे हटू नका.

मी ती ओळ शब्दशः घेतली. शाळेत घेतली, कॉलेजात घेतली, आणि बॅट हातात घेतली तेव्हाही घेतली. हेल्मेटचा पट्टा सैल ठेवायचा, बॉल अंगावर आला तर दात दाखवायचे. लोक म्हणायचे, पोरगी डेरिंगबाज आहे. मला ते फार आवडायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी एका क्लब सामन्यात ऋतुजा समोर आली. सांगवीची. माझ्याहून वीतभर उंच, धावत यायची ती थेट तुमच्याकडेच येतेय असं वाटायचं, आणि शेवटच्या उडीत हात ढगातून खाली आल्यासारखा यायचा. सिमेंटच्या पिचवर मॅट अंथरलेली असली की बॉल मातीवर उठतो त्याहून उंच उठतो. तिचा तिसरा बॉल उठला, आणि बॅटच्या मुठीवर असलेलं माझं उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या वाटेत आलं. आवाज मला ऐकू आला. बाकी कुणाला आला नसेल.

पाच आठवडे बोट पट्टीत. डिसेंबर उजाडता डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, “छान जुळलंय. खेळ आता बिनधास्त.”

बोट खरंच छान जुळलं होतं. पण पहिल्याच गुरुवारी गायरानावरच्या नेटमध्ये उभी राहिले, समोरच्याने हात फिरवला, आणि बॉल सुटायच्या आधीच माझा उजवा पाय लेगच्या अंपायरकडे निघून गेला. मी नेला नव्हता. तो गेला. मी स्टंपपासून हातभर लांब, बॅट हवेत, आणि मधला स्टंप उखडलेला. दुसरा बॉल, तेच. तिसरा, तेच. कुठल्याही एक्स-रेत न दिसणारं काहीतरी मोडलं होतं.

गायरानावर गुरुवारी खेळायला येणारी माणसं सगळी कारखान्यांतली; मुलगी म्हणून मला सूट देणं त्यांनी कधीच सोडलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण त्या दिवशी सूट हवी होती.

“ताई, अंपायरला चहा द्यायला निघालात का?”

“अहो राव, स्टंप एकटेच पडल्यात तिथं. कुणीतरी सोबतीला थांबा.”

“भावा, ताईला लेगच्या बाजूलाच पिच करून द्या. तिथं बरोबर उभ्या राहतात.”

मीही हसले. घरी जाऊन बाथरूमचा नळ मोठा सोडून रडले. जानेवारीअखेरच्या गुरुवारी जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती आणि त्यात ऋतुजा गोलंदाजी करणार होती. संघात जाणं न जाणं दूरच. पाय असाच पळत राहिला तर त्या दिवसानंतर बॅटला हात लावायचा नाही, हे मी ठरवून टाकलं. आयुष्यभर ‘मागे हटू नका’ वाचायचं आणि बॉल यायच्या आधी हटायचं? त्यापेक्षा न खेळलेलं बरं. एकोणिसाव्या वर्षी माणूस असंच ठरवतो. सगळं किंवा काही नाही.

मला बॉल टाकायला तयार झाले ते मुरलीकाका. चाकणजवळच्याच गावचे, जुन्या शेतकरी घरातले. कधीकाळी या गायरानावरचे सगळ्यात वेगवान गोलंदाज. आता एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. बहुतेक तिसऱ्या पाळीला. त्यांच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर गेली होती. इथे हे सांगताना कुणी आवाज खाली करत नाही. आमच्या पट्ट्यात चहाचा कप धरलेल्या दहा हातांकडे नीट बघा, म्हणजे कळेल. बोटांशिवाय बॉल धरता येईना, तेव्हा काकांनी प्लास्टिकचा पाइप गरम करून, टोकाला वाकवून वाटीसारखा केला आणि बॉल फेकायची काठी बनवली. त्या काठीतून सुटलेला बॉल असा यायचा की तरणीताठी पोरं मागे सरायची.

सकाळी सातला पाळी सुटायची. साडेसातला काका कंपनीच्या बसमधून गायरानाच्या फाट्यावर उतरायचे. डोळे लाल, कानाला मफलर. “चल पोरी. आमी झोपायच्या आत तुला जागं करू.”

पण पहिला आठवडा पाय पळतच राहिला. काका काही बोलायचे नाहीत. बॉल टाकायचे, स्टंप पुन्हा उभे करायचे, पुन्हा टाकायचे. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा मला राग यायचा. कुणीतरी ओरडावं असं वाटायचं. मग मी स्वतःच उपाय काढला, आणि तो इथल्याच पोरीला सुचू शकतो असा होता.

बाबांच्या कंपनीत खोकी बांधायची पिवळी प्लास्टिकची पट्टी असते. चार माणसं ओढूनही तुटत नाही. घरात तिचं भेंडोळं पडलेलं होतं; आई त्याने वाळवणाचा माच बांधायची. त्या सकाळी मी काकांच्या आधी पोहोचले. धुकं इतकं की पलीकडचे स्टंप दिसत नव्हते. क्रीझच्या मागे, मॅटच्या कडेला मी एक लोखंडी खुंटी ठोकली, पट्टी तिला बांधली आणि दुसरं टोक उजव्या घोट्याला. दोन गाठी. ओढून पाहिलं. पाय हलत नव्हता. मला इतका आनंद झाला! वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पळायचंय ना तुला? पळ आता.

काका धुक्यातून आले. मी ओरडले, “काका, आता टाका. जोरात टाका. बघाच.”

त्यांनी काठीत बॉल बसवला. दोन पावलं आले. मग थांबले. त्यांचं लक्ष माझ्या घोट्याकडे गेलं होतं. काठी खाली पडली. ते तसेच चालत आले, माझ्या पायाशी उकिडवे बसले आणि पिशवीतून घरच्या शेतासाठी ठेवलेला, कांद्याची पात कापायचा विळा काढून एका झटक्यात पट्टी तोडली.

“कुनी शिकवलं हे?”

“कुणी नाही. मीच.”

“व्हय. मला बी कुनी शिकवलं न्हवतं.”

ते खालीच बसून राहिले. मी हेल्मेट काढलं. मला वाटलं, मी काहीतरी फोडलंय, काय ते कळत नव्हतं.

“प्रेसला दोन बटनं असत्यात,” ते म्हणाले. “दोन हातानं दोन्ही दाबायची, तवाच वरचा घन खाली येतो. म्हंजी हात मधी राहूच शकत न्हाई. कुनी तरी शहान्या मानसानं केलेलं हाय ते. पर तसं केलं तर तासाला पीस कमी पडत्यात. मंग काय करायचं? एक बटन दाबून बांधून टाकायचं. ह्याच पट्टीनं. ह्याच रंगाची. मंग एका हातानं पीस आत ठेवायचा, दुसऱ्या हातानं बटन.”

“आणि कुणी काही बोललं नाही?”

“बोलला की. सुपरवायझर बोलला, मुरली, तू वाघ हाईस.” ते हसले. “सात म्हैनं वाघ होतो.”

मी त्यांच्या हाताकडे बघितलं नाही. त्यांनीच तो समोर धरला.

“तुला एक सांगतो. त्या सात म्हैन्यात मला एकदा बी भ्या वाटलं न्हाई. एकदा बी. भ्या वाटलं असतं तर हात मागं घेतला असता.”

मग ते उठले, मॅटच्या कडेची खुंटी उपटून लांब कांद्याच्या वाफ्यात फेकली आणि म्हणाले, “पाय पळतोय तर पळू दे. तो तुझ्या बाजूचा हाय. त्याला बांधायचा न्हाई. त्याच्याशी बोलायचं.”

मी आजवर खूप भाषणं ऐकली आहेत. गेटवर, सभागृहात, बाबांच्या खांद्यावर बसून. त्या धुक्यातल्या चार वाक्यांइतकं मला कुठलंच भाषण लागलेलं नाही.

त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांचे जुने कागद उपसले. काकांच्या अपघाताची चौकशी झाली होती आणि निष्कर्ष निघाला होता : कामगाराचा निष्काळजीपणा. त्यावर बाबांनी काढलेलं पत्रक सापडलं. मथळा होता : ‘बटण मुरलीने बांधलं. घाई कोणी लावली?’ ते पत्रक मी लहानपणी पाठ केलेलं होतं. पाठ असून कळलं नव्हतं. पाठांतराचं हे एक वाईट असतं, आपल्याला वाटतं की कळलंय.

दुसऱ्या सकाळपासून काकांनी नवी पद्धत लावली. मी गार्ड घ्यायची, स्टंपसमोर जागा धरायची. दोन्ही हात मुठीवर. काका काठी वर धरून विचारायचे, “किती?”

म्हणजे भीती किती. शून्य ते दहात सांगायचं. मोठ्याने सांगायचं, खोटं सांगायचं नाही.

“आठ.”

“बरं. टाकू?”

“टाका.”

मी ‘टाका’ म्हणेपर्यंत बॉल सुटायचा नाही. कधी मी दोन मिनिटं म्हणायची नाही. काका काठी खाली टेकवून उभे राहायचे, जांभई द्यायचे, रात्रपाळीची जांभई, पण घाई करायचे नाहीत. आधी ओला टेनिस बॉल, मग प्लास्टिकचा कडक बॉल, मग जुना लेदरचा, मग नवा. हेल्मेटचा पट्टा ते स्वतः ओढून बघायचे. रोज साठ बॉल. साठ वेळा ‘किती’, साठ वेळा मी माझ्या पोटात डोकावून आकडा वर काढायची.

आणि गंमत अशी की मैदानभर हा खेळ झाला! गुरुवारी नेटमागून आरोळ्या : “ताई, आज भाव काय निघाला? साडेसात?” “अरे, कांद्यापेक्षा चढलाय.” एकदा एक दांडगा वेल्डर माझ्यानंतर बॅटिंगला उभा राहिला, काकांनी सवयीने त्यालाही विचारलं, “किती?” तो आधी हसला. इकडे तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “काका, सहा.” कुणी हसलं नाही. त्यानंतर सगळेच आकडे सांगायला लागले. वर्षानुवर्षं एकमेकांना ‘वाघ’ म्हणणारी ती माणसं नेटच्या जाळीत उभी राहून ‘पाच’, ‘सात’, ‘बायको येऊन बसली आहे, नऊ’ असं ओरडत होती. इतकी मोकळी हवा मी तिथे आधी कधी अनुभवली नव्हती.

मला वाटलं होतं, रोज आकडा उतरत जाईल. आठ, सात, पाच, मग एक दिवस शून्य. शून्य म्हणजे कणखर. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी आठ होता, तिसऱ्या आठवड्यातही आठच. मी वैतागून बॅट आपटली. “काका, काही फरकच पडत नाही!”

काका माझ्या पायाशी बोट दाखवत होते. असलेल्या बोटांपैकी एक.

“आकडा सोड. पाय बघ.”

मी खाली बघितलं. मॅटच्या काथ्यात, मधल्या स्टंपच्या पुढे, माझ्या बुटाच्या खिळ्यांनी एक खड्डा पाडला होता. एकच. आठ होता, आणि पाय तिथेच होता. कधीपासून, मला सांगता येत नाही. रोज साठदा मी त्याला सांगत होते की मला कळतंय तुला काय वाटतंय, आणि एखाद्या सकाळी त्याला पटलं असावं.

मी नाचले. पॅड बांधलेल्या पायांनी, हेल्मेटसकट, त्या ओल्या मॅटवर अक्षरशः नाचले. काका म्हणाले, “आगं ये, आजून बावीस बॉल राहिल्यात.”

हल्ली ‘मानसिक कणखरपणा’ हा शब्द फार विकला जातो. बाबांच्या कंपनीतही एकदा टाय घातलेला माणूस आला, कामगारांना हॉलमध्ये उभं केलं आणि हवेत मुठी मारत ‘मी खंबीर आहे’ असं म्हणायला लावलं. बाबा घरी येऊन सांगत होते, “मी बी म्हनलो, तीनदा. मग मशीनवर गेलो तर टार्गेट तेवढंच!” मला अशा कणखरपणाचा संताप येतो. ज्याच्या हातात वेग कमी करायचं बटण आहे, तोच दुसऱ्याला खंबीर व्हायला सांगतो. भीती वाटते म्हणणाऱ्याला नाजूक ठरवायचं, आणि गप्प बसणाऱ्याला वाघ म्हणून टाळ्या द्यायच्या. मग एक दिवस त्या वाघाचा हात कपड्यात गुंडाळून रुग्णवाहिकेत घालायचा.

मन घट्ट करायला सराव लागतो, हे मला मान्य आहे. कुणापेक्षाही जास्त मान्य आहे. साठ गुणिले किती सकाळी ते मी मोजलेलं नाही, पण माझ्या तळहातांना माहीत आहे. मात्र त्या सरावात समोर असा माणूस लागतो जो बॉल टाकायच्या आधी विचारतो. डोक्यावर हेल्मेट लागतं. पाय मोकळे लागतात, इतके मोकळे की पळायचं ठरवलं तर पळता यावं. बांधलेला पाय जागेवर राहिला, त्यात पायाचं काय कौतुक? पळू शकणारा पाय राहिला तर गोष्ट आहे!

हे मी बाबांना सांगितलं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. ते ताट उलटं करून काहीतरी लिहीत होते. मी म्हणाले, “बाबा, मला भीती वाटते. महिनाभर आठ वाटते. उद्या नऊ वाटणार आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. लिहीतच म्हणाले, “मला बी वाटतंय की.”

“तुम्हाला? कशाची?”

“गेट मीटिंगच्या आदल्या दिवशी माझं पोट बिघडतंय. वीस वर्षं झाली.”

आई भाजी निवडत होती. “त्या दिवशी बाथरूम त्यांच्याच ताब्यात असतं,” ती म्हणाली. “तुला काय वाटलं, आंघोळीला एवढा वेळ लागतोय?”

मी विचारलं, “मग पत्रकात कसं लिहिता, घाबरू नका म्हणून?”

बाबांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढला. “आता ‘माझं पोट बिघडायलंय, तरी बी मी येतोय’ असं कसं लिहावं बाई?”

“लिहा ना!”

“लिहू?” त्यांनी खरंच पुन्हा पेन उचललं, आणि आम्ही तिघं इतके हसलो की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

चाचणीला काका आले नाहीत. त्यांच्या कारखान्यात ऑर्डर होती, गुरुवारीही पाळी लावली होती. बाबांची युनियन त्याच गोष्टीविरुद्ध गेटवर उभी होती. मी एकटीच बॅग घेऊन चाकणहून बस पकडली, सांगवीला उतरले.

निवडलेल्यांच्या यादीत माझं नाव होतं की नाही, ते आताच सांगून टाकते, म्हणजे वाट बघायला नको : नव्हतं. त्या वर्षी नव्हतं. पुढच्या वर्षी आलं. पण आज गॅलरीत तो आवाज ऐकून मी ज्यासाठी हसले, ते यादीतलं नव्हे.

मी खेळायला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. ऋतुजा दुसऱ्या टोकाला बॉल पँटवर घासत होती. तिने मला ओळखलं. नजर माझ्या उजव्या हातावर गेली, मग माझ्या डोळ्यांवर. गोलंदाजाने हे बघितलंच पाहिजे, मी असते तर मीही बघितलं असतं. तिने फिल्डर मागे नेले. सगळ्या मैदानाला कळलं की आखूड, अंगावर उठणारा बॉल येणार आहे.

मी गार्ड घेतला. पोटात डोकावले. दहा. पहिल्यांदाच दहा. मी ओठ हलवून स्वतःला सांगितलं, दहा. विकेटकीपर म्हणाली, “काय गं?” मी म्हणाले, “काही नाही, मोजतेय.”

पहिला बॉल उठला आणि माझ्या डाव्या खांद्यावर बसला. पॅडिंग नसलेल्या बरोबर त्या जागी. डोळ्यांपुढे पांढरं झालं. अंपायर बाई धावत आल्या, माझा हात वर करून बघितला. “बाहेर जाणार का? ये परत नंतर. कुणी काही म्हणणार नाही.”

मी खांदा फिरवला. फिरत होता. हाताची बोटं उघडली, मिटली. सगळं चालत होतं.

“दुखतंय मॅडम. आणि भीती पण वाटतेय. टाकू द्या तिला.”

त्या दोन पावलं मागे गेल्या.

ऋतुजा पुन्हा आली. तीच धाव, तोच ढगातून येणारा हात, आणि तोच आखूड बॉल. या वेळी मला तो दिसला. म्हणजे पूर्ण दिसला! शिवण फिरताना दिसली, एका बाजूची चकाकी दिसली, मॅटवर टप्पा पडला तिथून उडालेली धूळही दिसली. मी गुडघे वाकवले, मान मागे घेतली, आणि तो माझ्या हेल्मेटच्या जाळीसमोरून, लेदरचा वास सोडत, कीपरच्या हातात गेला. उजवा पाय मधल्या स्टंपसमोर. त्या बॉलवर रन नाही. स्कोअरबुकात एक टिंब. कुणी टाळी वाजवली नाही, आणि माझ्या छातीत ढोल-ताशाचं पथक निघालं होतं.

ऋतुजा पिचच्या मध्यापर्यंत चालत आली. कमरेवर हात. “पळाली नाहीस गं.”

“पळणार होते.”

ती हसली. खरंच, मनापासून हसली. परत जाताना बॉल एका हातातून दुसऱ्या हातात टाकत होती, आणि मला चालण्यावरून कळलं की तिने बेत बदललाय. आखूड टाकून उपयोग नाही, आता पुढे टाकायचा. गोलंदाजाला बेत बदलायला लावणं म्हणजे काय, हे ज्याने बॅट धरली आहे त्यालाच कळेल. रन एकही नव्हती माझ्या नावावर, पण आता ती माझा विचार करत होती.

ती धावत आली. हात वर गेला. बॉल सुटला, आणि पुढे, खूप पुढे पडला. माझा डावा पाय त्याच्याकडे गेला. टप्प्यापर्यंत, तिच्या दिशेने, जिथून त्या हंगामात मी फक्त लांब जात आले होते. उजव्याने मागे टाच उचलली आणि त्याला वाट दिली. बॅट खाली आली. हाताला काही जाणवलंच नाही, इतका तो मधोमध बसला.

मी मान वर केली तेव्हा कव्हरची फिल्डर माझ्याकडे पाठ करून बॉलच्या मागे सीमारेषेकडे जीव खाऊन धावत होती.